आई ख्रिस्ती, बाबा हिंदू, आणि दोघांच्या शेवटच्या इच्छा

ताई, तुमचा प्रश्न दोनदा वाचला. आधी तो माझ्या शब्दांत मांडते, म्हणजे मला बरोबर कळला आहे का ते तुम्हाला पडताळता येईल. आई नाशकातल्या शरणपूरच्या प्रॉटेस्टंट घरातली, बाबा पंचवटीतले. १९७६ साली कोर्टात लग्न झाले आणि इतक्या वर्षांत दोघांपैकी कोणीही धर्म बदलला नाही. आता आईच्या हृदयाचे पंपिंग पंचवीस टक्क्यांवर आले आहे. ती म्हणते, ‘मला पुरू नका, जाळा, आणि राख माझ्या आईच्या कबरीपाशी ठेवा.’ बाबांना देहदान करायचे आहे आणि दहावा-तेरावा काही नको आहे. थोरला भाऊ माळकरी. वडिलांची दशक्रिया रामकुंडावर करायचीच, असे तो म्हणतो. मामांचे म्हणणे, बहिणीला मातीच मिळाली पाहिजे. धाकटी बहीण निकाहानंतर मुसलमान झाली, तिने अमरधाम स्मशानभूमीत यावे की नाही यावरून आतापासूनच बोलाचाली सुरू आहे. आणि शेवटी तुम्ही लिहिले आहे, ‘आईबाबांचे ऐकले तर घर तुटेल, नाही ऐकले तर मला आयुष्यभर डाचत राहील. कोणाचा धर्म चालवायचा?’

मी नाशकातल्या एका मोठ्या रुग्णालयात सत्तावीस वर्षे समाजसेवा अधीक्षक होते. त्या नोकरीचा बराच भाग शवागाराच्या दाराशी गेला. मृत्यूच्या कारणाचा दाखला मिळवून द्यायचा, शववाहिकेला फोन करायचा, आणि भावाभावांतली कुजबुज भांडणावर जायच्या आत मध्ये जाऊन उभे राहायचे. निवृत्तीनंतर अंथरुणाला खिळलेल्या रुग्णांच्या घरी जाते. मी वकील नाही, कुठल्या धर्माची अधिकारी जाणकारही नाही. जिथे त्यांना विचारावे लागेल तिथे तसे सांगेन.

‘कोणाचा धर्म चालवायचा’ असे तुम्ही विचारता, पण तुमच्या घरात मला धर्मावरून भांडण दिसत नाही. नाताळ आणि आषाढी दोन्ही एकाच ओट्यावर होतात असे तुम्हीच लिहिले आहे. नाशकाला असे घर नवीनही नाही. इथल्याच जलालपूरला जन्मलेल्या लक्ष्मीबाई टिळकांचे पती, कवी नारायण वामन टिळक, १८९५ साली ख्रिस्ती झाले. लक्ष्मीबाईंनी बाप्तिस्मा घेतला तो १९०० साली. मधली पाच वर्षे नवरा-बायको दोन धर्मांचे होते. तुमच्याकडची अडचण साधी आहे आणि म्हणूनच सोडवता येण्यासारखी आहे. आईची इच्छा फक्त तुम्ही ऐकली आहे. बाबांची इच्छा भावाने अर्धीच ऐकली. मामांना कोणी काही सांगितले नाही, आणि बहिणीला तर कोणी काही विचारलेच नाही. माणूस गेल्यावर हातात सहा-आठ तास असतात. तेवढ्या वेळात हे सगळे एकमेकांना पहिल्यांदाच सांगायची वेळ आली, की कोणत्याही घरात भांडण होते, सगळे एकाच धर्माचे असले तरी.

दुसरी गोष्ट, आणि माझ्या अनुभवात सगळ्यात उपयोगी पडलेली. माणूस गेल्यावर दोन वेगवेगळी कामे असतात आणि आपण ती एकच समजतो. पहिले काम देहाचे. ते एकदाच होते, एकाच रीतीने होते आणि परत फिरवता येत नाही. जाळलेला देह पुरता येत नाही. म्हणून तिथे जाणाऱ्याचा शब्द शेवटचा. दुसरे काम मागे राहिलेल्यांच्या दुःखाचे. त्याला असे काही बंधन नाही. दादाने रामकुंडावर करावे, मामांनी चर्चमध्ये प्रार्थनासभा ठेवावी, बहिणीने तिच्या घरी तिच्या रीतीने आठवण करावी, तुम्ही काहीच न करता आईच्या खोलीत बसावे. यातल्या एकाने दुसऱ्याचे काही बिघडत नाही. मी पाहिलेल्या दहातल्या आठ-नऊ वादांत लोक दुसऱ्या कामासाठी पहिल्या कामावर भांडत होते. दादाला वडिलांसाठी काहीतरी करायचे आहे, आणि ते करायला देह ताब्यात हवा असे त्याला वाटते. ते तसे नसते हे त्याला दाखवता आले तर निम्मे भांडण संपते.

आता आईकडे येऊ. तिला पहिला प्रश्न विचारा तो ‘का?’ हा. तिची इच्छा तपासून पाहायला नव्हे, तिचे मन कळावे म्हणून. इच्छेच्या मागे नेहमी एखादी गोष्ट दडलेली असते. नाशिकरोडचे एक आजोबा होते, कॅन्सरचे. ‘माझे काही विधी करायचे नाहीत’ असे ठणकावून सांगायचे. मुले हवालदिल. दोन-तीन भेटींनंतर मी त्यांना विचारले, ‘तुमच्या वडिलांचे झाले होते का हो?’ तेव्हा ते बोलायला लागले. वडिलांच्या तेराव्याला गावजेवण घालायला बैलजोडी विकावी लागली होती, आणि पुढचे वर्षभर आई दुसऱ्याच्या शेतात मजुरीला गेली होती. त्यांना नको होते ते गावजेवण. पिंडाबद्दल त्यांचे काहीच म्हणणे नव्हते. मुलांनी पाचजणांत दशक्रिया केली, जेवणावळ घातली नाही, आणि हे सगळे त्यांनी जिवंतपणी ऐकून ‘हां, असं करा’ म्हणून सांगितले होते.

तुमच्या आईच्या मनात काय असेल? बाबांपासून वेगळे पडायचे नाही, म्हणून ‘जाळा’ म्हणत असेल. बाबा देहदान करणार आहेत हे तिला नीट माहीत आहे का? माहीत झाल्यावर तिचे उत्तर तेच राहील का? कदाचित मातीखाली गुदमरण्याची भीती असेल. अशी भीती मला पुष्कळांनी सांगितली आहे. कदाचित तुम्हा मुलांना दोन ठिकाणी धावपळ नको, एवढेच तिच्या मनात असेल, आणि मग ती तुमच्या सोयीसाठी स्वतःची इच्छा मोडते आहे. कारण कळल्याशिवाय इच्छा लिहून घेऊ नका. आणि कारण ऐकून तुम्हाला ते पटले नाही, तरी तिचे तेच म्हणणे असेल तर तेच करा.

मामांना वाटते की ख्रिस्ती माणसाला जाळता येत नाही. हे तसे नाही. प्रॉटेस्टंट चर्चमध्ये दहनाला सहसा बंदी नसते. कॅथलिक चर्चनेही १९६३ साली दहनाला परवानगी दिली. त्यांच्याकडे अट राखेबद्दल आहे. २०१६ च्या सूचनेनुसार राख पवित्र जागी ठेवायची, पाण्यात किंवा वाऱ्यावर सोडायची नाही, नातेवाइकांत वाटायची नाही. तुमच्या आईला राख कबरीपाशीच हवी आहे, म्हणजे ही कडक अट लावली तरी ती तिच्यात बसते. हे मामांना मोकळेपणाने सांगता येईल. प्रार्थना घरी किंवा चर्चमध्ये आधी होऊ शकते, मग अमरधाम, आणि नंतर राखेचे दफन पाळकांच्या हातून. मामा म्हणतात बहिणीला माती मिळाली पाहिजे, तर शेवटी मातीच मिळणार आहे, तीही तिच्या आईच्या शेजारी. आपल्या जिल्ह्यातल्या खेड्यांत तर देह जाळला असो की पुरला, लोक ‘मातीला जाऊन आलो’ असेच म्हणतात.

पण हे चर्चला आणि दफनभूमीच्या समितीला आजच विचारावे लागेल. जुनी कबर उघडायची की शेजारी लहानसा खड्डा करायचा, कलश चालेल की राख थेट मातीत, कोणाचा अर्ज लागेल, आजीच्या कबरीचा कागद कोणाच्या नावावर आहे, हे प्रत्येक ठिकाणी वेगळे असते. आईचे नाव चर्चच्या सभासदांच्या नोंदीत अजून आहे का तेही पाहा. कोर्टात लग्न करून बाहेर पडलेल्या मुलींची नावे कधीकधी नुसत्या दुर्लक्षाने गळलेली असतात. पाळकांनी नाही म्हटले तर तेही आईला आजच सांगता येईल, आणि दुसरी जागा ती स्वतः सुचवेल. विद्युतदाहिनीत दहन झाले तर राख बहुधा त्याच दिवशी मिळते. लाकडावर झाले तर सावडायला दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी जावे लागते. त्याप्रमाणे पाळकांची वेळ घ्या.

बाबांचा विषय अधिक नाजूक आहे. इथे माझ्या हातून झालेली एक चूक सांगते, कारण ती तुमच्याकडेही होऊ शकते. एक निवृत्त शिक्षक माझ्याकडे देहदानाचा फॉर्म घेऊन आले. साक्षीदार म्हणून सही करा म्हणाले, मी केली. त्यांच्या पत्नीला विचारले का, एवढे मी विचारले. ‘तिला सांगेन’ म्हणाले, आणि मी तेवढ्यावर थांबले. दोन वर्षांनी ते रात्री घरीच गेले. पाकिटात देहदानाचे कार्ड होते. पत्नीला ते कार्ड पहिल्यांदा दिसले ते पहाटे तीन वाजता, मुलगा पुण्याहून निघालेला, घरात शेजारी जमलेले. त्या बाई म्हणाल्या, ‘मी त्यांना असं परक्यांच्या हातात देणार नाही.’ त्यांचे काय चुकले? त्यांना पन्नास वर्षांच्या जोडीदाराकडून ही गोष्ट एका छापील कार्डावर कळत होती. सकाळी दहा वाजता दहन झाले. सरांची इच्छा राहिली, आणि बाईंच्या मनात पुढे कितीतरी दिवस आपण त्यांचा शब्द मोडला हे राहिले. ती सही मी पत्नीला समोर बसवूनच करायला हवी होती. तेव्हापासून जवळच्या सगळ्यांनी ऐकल्याशिवाय मी कोणाच्या फॉर्मवर सही करत नाही.

देहदानाचा फॉर्म भरला म्हणजे महाविद्यालयाची गाडी येऊन देह घेऊन जाते असे नाही. घरच्यांनी कळवावे लागते, संमती द्यावी लागते, बहुतेक वेळा देह पोचवावाही लागतो. आपल्याकडे आडगावला वैद्यकीय महाविद्यालय आहे. तिथल्या शरीररचनाशास्त्र विभागात जाऊन नियम प्रत्यक्ष समजून घ्या, रात्री आणि सुट्टीच्या दिवशी कोणाला फोन करायचा तेही विचारा. शवविच्छेदन झालेला देह सहसा घेत नाहीत, म्हणजे अपघात झाला तर देहदान होत नाही. एचआयव्ही, कावीळ बी किंवा सी असा संसर्ग असेल तरी घेत नाहीत. नेत्रदान मात्र देहदानाबरोबर होऊ शकते, ते सहा तासांच्या आत व्हावे लागते. आणि एक गोष्ट दादाला आधी सांगा, आडगावहून आल्यावर नको: देह परत मिळत नाही आणि अस्थीही सहसा मिळत नाहीत. सावडणे नाही, कलश नाही. त्याच्यासारख्या माणसाला सगळ्यात मोठा धक्का हाच असतो.

मग दादाने काय करायचे? देह हाती नसताना काय करावे याचा विचार परंपरेनेच केलेला आहे. पुरात वाहून गेलेल्या, परमुलखात मेलेल्या माणसांसाठी पालाशविधी आहे, पळसाची पाने आणि दर्भ यांची प्रतिमा करून केलेला. देहदान झालेल्यांसाठी काही गुरुजी तो सांगतात, काही नुसते पिंडदान पुरे म्हणतात. रामकुंडावरच्या तुमच्या घराण्याच्या तीर्थोपाध्यांना दादानेच जाऊन विचारावे. तुम्ही जाऊन उत्तर आणू नका. त्याच्या कानाने ऐकलेलेच त्याला पटेल.

उरला प्रश्न बाबांच्या ‘काही नको’चा. त्यांना दादासमोर एवढेच विचारा: ‘बाबा, तुमच्यासाठी नको हे कळलं. पण दादाला त्याच्या समाधानासाठी दहावा करायचा असेल तर तुमची हरकत आहे का?’ हा प्रश्न मी कितीतरी वडिलांना विचारला आहे. बहुतेक जण थोडे थांबतात आणि म्हणतात, ‘त्याला करायचं तर करू दे, माझ्या नावाने खर्च नको.’ एखादा म्हणतो, ‘नाही, माझ्या विचारांच्या विरुद्ध आहे, मुलानेही करू नये.’ बाबा असे म्हणाले तर माझा कल स्पष्ट आहे: त्यांच्या नावाने सार्वजनिक विधी होऊ नयेत. दादाने पंढरीला जाऊन विठोबासमोर उभे राहावे, वडिलांच्या आठवणीने एखाद्या वारकऱ्याला जेवू घालावे, पण फलक लावून दशक्रिया करू नये. हे त्याला जड जाईल, म्हणूनच ते त्याने बाबांच्या तोंडून ऐकलेले बरे.

बहिणीबद्दल मी थोडे ठामपणे बोलते. अमरधाम महापालिकेचे आहे. तिथे कोणी कोणाला जात-धर्म विचारून आत सोडत नाही. मुलीने आईच्या शेवटच्या वाटेवर चालावे, यावर कोणाची परवानगी लागू नये. मी एका मुसलमान लेकीला हिंदू वडिलांना खांदा देताना पाहिले आहे, डोक्यावर ओढणी, शेजारी भाऊ. अग्नी भावाने दिला, ती दोन पावले मागे उभी राहिली, आणि ज्यांनी सकाळी नाके मुरडली होती तेच लोक परतताना तिला गाडीत बसा म्हणत होते. उलटही पाहिले आहे, मुसलमान मामींच्या दफनाला हिंदू भाचे गेले आणि सगळ्यांबरोबर मूठमाती देऊन आले. मात्र तिला काय करायला सांगायचे हे तुम्ही किंवा दादाने ठरवू नका. काही गोष्टी तिच्या धर्मात बसणार नाहीत, काही बसतील, आणि त्या कोणत्या ते तीच सांगेल. खांदा दे म्हणून भरीला घालणे आणि लांब थांब म्हणणे, दोन्ही तिच्यावर अन्यायच आहे.

मामांसारख्या माणसांना कसे सांभाळायचे, याचा एक प्रसंग अजून डोळ्यासमोर आहे. एक बाई गेल्या, साठीच्या. सासर बौद्ध, माहेर दिंडोरी तालुक्यातले हिंदू. त्यांनी मुलीला सांगून ठेवले होते, ‘मला पांढरी साडी नेसवा आणि त्रिशरण-पंचशील म्हणा.’ यजमान हयात होते. म्हणजे माहेरच्यांच्या दृष्टीने बहीण सवाष्ण गेलेली. पिकअपमधून तीन भाऊ आले, हिरवी साडी, हिरव्या बांगड्या, खण-नारळ, कुंकवाचा करंडा घेऊन. व्हरांड्यात आवाज चढले. एक म्हणे, विधवेसारखी पाठवता का तिला. मुलगा म्हणे, आईचा शब्द आहे. थोरला भाऊ मात्र काही बोलत नव्हता. दुकानाची पिशवी छातीशी धरून तो भिंतीला टेकून उभा होता. मी जवळ गेले तर साडीच्या घडीवर किमतीची चिठ्ठी तशीच दिसली. मी म्हणाले, ‘दादा, ही चिठ्ठी तेवढी काढा.’ तो खाली बसला आणि नखाने ती चिठ्ठी खरवडायला लागला. निघेना. तेव्हा तो रडला. बहिणीची मुलगी त्याच्याजवळ जाऊन बसली, तिने ती चिठ्ठी काढून दिली आणि म्हणाली, ‘मामा, आईने पांढरीच सांगितलीय. पण ही तिच्या डोक्याखाली ठेवू.’ हिरवी साडी चौपदरी घडी करून उशाशी ठेवली. पांढऱ्या साडीत, वंदना होऊन त्या गेल्या, माहेरच्या साडीवर डोके ठेवून. भावांनी दहाव्या दिवशी त्यांच्या गावी त्यांचे केले.

तो भाऊ धर्मासाठी भांडायला आला नव्हता. बहिणीला शेवटची साडी द्यायची होती, आणि ती नाकारली जात होती. तुमच्या मामांच्या हातातही अशीच एखादी पिशवी आहे. ती कोणती, ते शोधा.

आता कायद्याचे थोडे. मृत देह कोणाची मालमत्ता नसतो. अंत्यविधी कसा करावा हे मृत्युपत्रात लिहिले तर त्याला वजन असते, पण घराच्या वाटणीसारखी त्याची सक्तीने अंमलबजावणी होते असे समजू नका. रुग्णालय देह जवळच्या नातेवाइकाच्या सहीवर देते, आधी पती किंवा पत्नी, मग सज्ञान मुले. दोघांनी दावा केला तर पोलिसांना बोलावले जाते, आणि पोलीस धर्माचा निवाडा करत नाहीत. आपसात मिटवा नाही तर न्यायालयातून आदेश आणा म्हणतात. तोवर देह शवागारात. केरळचे ज्येष्ठ कम्युनिस्ट नेते एम. एम. लॉरेन्स सप्टेंबर २०२४ मध्ये गेले. देह वैद्यकीय महाविद्यालयाला द्यायचा अशी त्यांची इच्छा मुलाने सांगितली, मुलीला ख्रिस्ती पद्धतीने दफन हवे होते. उच्च न्यायालयात देहदान कायम झाले, सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०२५ मध्ये मुलीचे म्हणणे फेटाळले. जवळजवळ चार महिने एक घर वडिलांच्या देहावरून न्यायालयात होते. दोन साक्षीदारांसमोर त्यांनी इच्छा बोलून दाखवली होती, हे त्यात महत्त्वाचे ठरले.

‘अग्नी देईल त्याचा हक्क’ असे कुजबुजत बोलले जाते, त्याबद्दलही स्पष्ट सांगते. अग्नी दिल्याने वाटा वाढत नाही, न दिल्याने कमी होत नाही. तुमच्या आईबाबांचे लग्न १९५४ च्या विशेष विवाह कायद्याखाली झाले असेल आणि दोघे वेगळ्या धर्माचे असतील, तर त्यांच्या मिळकतीचा वारसा १९२५ च्या भारतीय वारसा कायद्याने जातो, आणि त्यात लेकीने धर्म बदलला म्हणून तिचा वाटा जात नाही. पंचवटीतली जागा वडिलोपार्जित असेल तर मात्र वकिलाला कागद दाखवा. हा विषय अंत्यविधीच्या बैठकीत काढू नका. वेगळ्या दिवशी, वेगळ्या खोलीत काढा.

इथवर आलो ते असे: देहाबाबत आईचा आणि बाबांचा शब्द शेवटचा, बाकीच्यांनी आपापल्या रीतीने निरोप द्यायला प्रत्येकाला जागा, आणि हे सगळे त्या दोघांच्याच तोंडून सगळ्यांनी ऐकलेले. राहिला कागद.

मृत्युपत्रात हे लिहून कपाटात ठेवू नका. मृत्युपत्र बहुधा दिवस झाल्यावर उघडले जाते. वेगळा एक पानी कागद करा. आईचा वेगळा, बाबांचा वेगळा. त्यांच्याच भाषेत, ‘मला’ असे लिहिलेला. देहाचे काय करायचे, कपडे कोणते, गळ्यात काय ठेवायचे आणि काय काढायचे, प्रार्थना कोणी करायची, काय करायचे नाही, आणि ठरवल्याप्रमाणे झालेच नाही तर दुसरा पर्याय कोणता. वाद झाला तर कोणाचा शब्द मानायचा, त्या एका माणसाचे नाव. खाली त्यांची सही, तारीख, दोन साक्षीदार. आईच्या कागदावर एक साक्षीदार मामा असू देत, बाबांच्या कागदावर दादा. ज्याला पटलेले नाही त्याचीच सही घ्या. सही ‘मला मान्य आहे’ याची नसते, ‘मी हे ऐकले’ याची असते, हे त्यांना समजावून सांगा. मोबाईलवर दोन मिनिटे चित्रीकरण करा आणि ते सगळ्यांना पाठवा. मूळ कागद औषधांच्या फाईलमध्ये ठेवा, कारण रात्री अडीच वाजता फक्त तीच फाईल हाताला लागते. आईचा श्वास घरीच थांबला तर दाखला कोणते डॉक्टर देतील, त्यांचा नंबर त्याच फाईलच्या आत चिकटवा.

‘दुसरा पर्याय’ लिहायला सांगते त्याला कारण आहे. बाबांचे शवविच्छेदन करावे लागले तर? आई मुंबईला उपचार घेत असताना गेली तर? दादाला दहाव्याला रामकुंडच हवे, आणि नेमका ऑगस्टचा पूर असला तर? रामकुंडाजवळच्या दुतोंड्या मारुतीच्या मूर्तीच्या छातीला पाणी लागले की घाटावर कोणी उतरू शकत नाही. एका कुटुंबाने अशा दिवसांत अस्थिकलश घेऊन दोन तास पुलाजवळ उभे राहून काढले, आणि ‘बापूंनी रामकुंडच सांगितलं होतं’ म्हणून वरच्या बाजूला विधी करायला कोणी तयार होईना. बापूंनी ‘नाहीतर गोदेत कुठेही’ एवढे तीन शब्द पुढे सांगितले असते तर त्या पोरांची सुटका झाली असती.

तुम्हाला डाचत राहील म्हणता, त्याबद्दल. ठरवलेले सगळे होईलच असे नाही. तुम्ही आईचे ऐकून घेतले, विचारायचे तिथे विचारून ठेवले, लिहून ठेवले, आणि तरी त्या दिवशी काही वेगळे घडले, तर तो तुमचा अपराध नाही. माझ्या त्या सरांच्या पत्नीला मी हेच सांगत राहिले. त्यांना ते पटायला फार वेळ लागला.

सुरुवात मामांपासून करा. दादापासून नको. आजीची कबर कोणत्या रांगेत आहे, कागद कोणाकडे आहे, हे तुमच्या घरात त्यांनाच माहीत असणार. आईला दम लागतो तर सकाळी, नाश्त्यानंतर तासाभराने, पाठीला उशा देऊन बसवले की ती सगळ्यात चांगली बोलू शकेल. त्या वेळी मामांना तिच्याजवळ बसवा आणि तुम्ही थोड्या मागे बसा. तिचे बोलून झाले की मामांना विचारा, राख मातीत ठेवायचे काम तुम्ही कराल का. आणि डॉक्टर हो म्हणाले, आईला गाडीत बसवता आले, तर या थंडीतच एकदा दोघा बहीण-भावांना शरणपूरला घेऊन जा. गाडीतून उतरता नाही आले तरी चालेल. मामांनी कबरीजवळ उभे राहून हात केला की तिला गाडीच्या खिडकीतून दिसेल, तेवढे पुरे.